दादाला बरं नाही

तिला सगळे लवंगी म्हणायचे. उंचीला कमी, आवाजाला मोठी, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. तिथेही तो फार वेळ बसायचा नाही, समोरच्याच्या अंगावर उडी मारायचा. बायंडिंगच्या कारखान्यात ती पुस्तकं शिवायची. छापून आलेल्या मोठ्या कागदाला घड्या घालून जी जुडी होते तिला तिथे फर्मा म्हणतात. फर्म्यावर फर्मा ठेवायचा, दाभणाने भोकं पाडायची, सुईदोऱ्याने सगळे एकमेकांत ओवायचे आणि दोरा ओढून गाठ मारायची. लवंगी दोरा असा ओढायची की शेजारी चिकटवायची खळ शिजवणाऱ्या काकू म्हणायच्या, "अगं बाई, पुस्तक आहे ते, कोणाचा गळा नाही."

"कोणाचा आहे ते माझं मला माहीत आहे," लवंगी म्हणायची.

तो गळा बहुतेक वेळा मालकाचा असायचा. कधी चष्म्याचा. चष्मा म्हणजे घडीच्या मशीनवरचा माणूस, भिंगं बाटलीच्या बुडाएवढी जाड, आणि तोंड बंद ठेवायचं बटण त्याला देवाने दिलंच नव्हतं. दुसरं कोणी नसेल तेव्हा लवंगी स्वतःचाही गळा धरायची. पण दादाचा कधीच नाही. दादाबद्दल कोणी वाकडा शब्द काढला की ती हातातलं दाभण घेऊनच उठायची.

दादा तिचा सख्खा मोठा भाऊ. कटिंग मशीनवर होता. पुस्तक शिवून, पुठ्ठा लागून झालं की तिन्ही बाजू कापून सारख्या करायच्या असतात. त्या कामात दादाचा हात कोणी धरू शकत नव्हतं. चळत टेबलावर दोनदा ठोकायचा, तळहाताने कडेवरून एकदा कुरवाळायचा आणि पातं सोडायचा. कडा अशी निघायची की गालाला लावावी. वडील कामावर जाईनासे झाले तेव्हा तो शाळा सोडून या कारखान्यात लागला. का, तर लवंगीने शाळा सोडू नये म्हणून. संध्याकाळी घरी येताना कातरण आणायचा, रंगीत कागदाच्या त्या लांब पट्ट्या, आणि तिच्या वह्यांना त्याच्या चौकटी चिकटवून द्यायचा. वर्गात एवढ्या देखण्या वह्या कोणाच्या नव्हत्या. आत काही लिहिलेलं नसायचं ती गोष्ट वेगळी.

शाळा तिने सोडलीच. ते "बरं नाही" ह्या दोन शब्दांपायीच झालं, म्हणून ते आधी सांगायला हवं.

त्यांच्या घरात "दारू" हा शब्द कधी कोणी उच्चारला नाही. वडील सकाळी उठायचे नाहीत, मुकादम दारात यायचा, आई पदराला हात पुसत बाहेर जायची आणि म्हणायची, "त्यांना आज बरं नाही." पुढे आईला सांगायचीही लाज वाटायला लागली, मग ती लवंगीला पुढे करायची. परकर सांभाळत ती एवढीशी पोर दारात उभी राहून सांगायची, "बाबांना बरं नाही." एकदा बाईंनी भर वर्गात विचारलं, वडील भेटायला का आले नाहीत? लवंगीने तेच सांगितलं. मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "काल गटाराजवळ पण बरं नव्हतं त्यांना!" वर्ग खदखदून हसला. लवंगीने त्या पोराचं नाक फोडलं. बाई म्हणाल्या, माफी माग. लवंगी म्हणाली, खोटं तो बोलला का मी, ते आधी सांगा. खोटं ती बोलली होती आणि तिला ते माहीत होतं. म्हणून तर जास्त आग झाली. दप्तर उचललं आणि घरी आली ती आलीच.

वडील बरं नाही, बरं नाही म्हणता म्हणता गेले. मागोमाग आईही गेली. घर उरलं, भांडी उरली आणि ते दोन शब्द उरले. दादा प्यायला लागला तेव्हा लवंगीला नवीन काही शिकावं लागलं नाही. सकाळी मालकाला फोन लावायचा आणि म्हणायचं, "दादाला आज बरं नाही." पांघरूण घालायचं काम आई करायची, आता ती करायला लागली. तिच्या हिशेबी हेच प्रेम होतं. भाऊ आपला, त्याची लाज आपली, दार आपण लावून घ्यायचं.

कारखान्यात सगळ्यांना कळत होतं. इतकं कळत होतं की तिथे त्या शब्दांचा अर्थच बदलला. कोणी तारवटलेल्या डोळ्यांनी आला की चष्मा विचारायचा, "काय राव, काल रात्री जरा जास्तच बरं नव्हतं वाटतं?" लग्नाची गोष्ट निघाली की म्हणायचा, "नवरदेवाच्या मित्रांना असं बरं नव्हतं, असं बरं नव्हतं, की दोघं मांडवातच झोपले." सगळे हसायचे. दादाही हसायचा. लवंगी दोरा ओढायची.

आणि मालक? त्या माणसाबद्दल लिहायचं तर दाभणानेच लिहावं लागेल. घाईचं काम आलं, की तो संध्याकाळी कटिंगच्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली ठेवायचा. तिला त्याने नाव ठेवलं होतं वंगण. "मशीनला वंगण लागतं तसं माणसालाही लागतं," असं म्हणून दादाच्या पाठीवर थाप मारायचा. काम वेळेत जायचं. दुसऱ्या दिवशी दादाचे हात थरथरायचे. ते थांबवायला सकाळीच थोडी घ्यायची, मग दुपारी, मग घरी जाताना. हळूहळू असं झालं की न पिता दादाचे हात चालायचे नाहीत आणि पिऊन डोकं. मालकाने ते बघितलं, न बघितल्यासारखं केलं, आणि पुढच्या घाईला पुन्हा वंगण ठेवलं.

कटिंग मशीनला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच पातं खाली येतं. म्हणजे दोन्ही हात बटणावर, पात्याखाली एकही नाही. ज्याने कोणी हे शोधलं त्याला माणसाचा स्वभाव ठाऊक होता, फक्त हा कारखाना ठाऊक नव्हता. दादाच्या थरथरत्या हातात चळत सरकायची. ती एका हाताने धरून ठेवावी लागायची, मग दुसरं बटण दाबणार कोण? म्हणून दादाने एका बटणात पुठ्ठ्याचा तुकडा कोंबला आणि वरून चिकटपट्टी मारली. ते बटण कायमचं दाबलेलं. आता एका हाताने पातं उतरत होतं. येताजाता सगळ्यांना तो पुठ्ठा दिसत होता. मालकालाही.

एरवी खळ शिजवणाऱ्या काकू कटिंग जोरात असलं की दादाच्या हाताखाली जायच्या. पातं वर गेलं की त्या हात घालून कातरण ओढायच्या, हात बाहेर काढायच्या आणि म्हणायच्या, "हं." तो "हं" ऐकला की दादाने पुढचा घाव घालायचा. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. त्या एका अक्षरावर काकूंचे दोन्ही हात शाबूत होते.

त्या दिवशी लहान मुलांच्या अंकलिपीचं काम होतं. आदल्या संध्याकाळी वंगण झालं होतं. काकूंनी कातरण ओढायला हात घातला आणि पातं खाली आलं.

आवाज नेहमीसारखाच झाला, कचकन. मग काकू ओरडल्या. लवंगी दाभण टाकून धावली. काकूंची बोटं जागेवर होती. कामाच्या झग्याच्या बाहीची कड तेवढी गेली होती, कातरणात पडली होती, आणि कापही कसा, अगदी सरळ, दादाच्या हातचा. काकू आपली बोटं एकेक करून चाचपत होत्या.

"अरे मी हं म्हटलं नव्हतं रे," त्या म्हणाल्या. "मी म्हटलंच नव्हतं."

मालक केबिनमधून आला, बाही बघितली आणि हसत म्हणाला, "काकू, बाही उन्हाळ्याची करून घेतलीत होय!" कोणी हसलं नाही. चष्मासुद्धा नाही.

दादा भिंतीला टेकून खाली बसला होता. तोंड कोऱ्या कागदासारखं. लवंगी जवळ गेली तेव्हा तो हळूच म्हणाला, "लवंगे, मला हं ऐकू आलं. कोणी म्हटलं नाही, पण मला ऐकू आलं गं."

मशीनवरच्या माणसाला न म्हटलेलं ऐकू यायला लागलं, मग उरलं काय?

घरी जाताना दादाने वाटेतच सांगितलं, "आजपासून बंद. एक थेंब नाही." असं तो आधीही म्हणाला होता, पण तेव्हा लवंगीकडे बघून म्हणायचा. आज स्वतःच्या हातांकडे बघून म्हणाला. तिला खरं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून कारखान्याला सुट्टीच होती. तिने घर उलटंपालटं केलं. बुटात एक बाटली निघाली, माळ्यावरच्या पिंपामागे एक, आणि एक तिच्या जुन्या शाळेच्या दप्तरात. ती बघून तिचं डोकंच फिरलं. "दुसरी जागा मिळाली नाही तुला?" दादा मान खाली घालून म्हणाला, "तू ते दप्तर कधी उघडत नाहीस ना." तिने सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या, दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. आता कोणाचा बाप आला तरी दादाला दारू मिळणार नव्हती. तिला वाटलं, हे मी आधीच करायला हवं होतं.

सकाळी दादाचे हात नुसते कापत नव्हते, उडत होते. तिने पाण्याचा पेला त्याच्या तोंडाला लावला. दुपारी घाम सुटला, गादी भिजली, छाती धडधडायला लागली. झोप नाही, पोटात अन्न ठरत नाही. लवंगी चादर बदलत म्हणत होती, "येऊ दे घाम. विष आहे ते, बाहेर पडतंय." तिला असं कोणी सांगितलं नव्हतं. तिला तसं हवं होतं म्हणून ते तसं होतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दादा उठून बसला आणि चादरीवरून काहीतरी वेचायला लागला. चिमटीत धरायचा, बाजूला टाकायचा, पुन्हा धरायचा.

"काय करतोस?"

"कातरण आहे. सगळीकडे कातरण. उचल ना. काकू हात घालतील."

चादरीवर काही नव्हतं. साधी निळी चादर. पण दादाचे डोळे इतके घाबरलेले होते की ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि नसलेली कातरण वेचायला लागली. "ही बघ, ही पण उचलली. झालं ना साफ?" असं म्हणत म्हणत तिचे डोळे भरून आले आणि मग त्या डोळ्यांचाच तिला राग आला. तेवढ्यात दादाची मान ताठ झाली, डोळे वर गेले, दात कडकन मिटले आणि अख्खं अंग झटके द्यायला लागलं. पलंगाचे पाय फरशीवर खडखडत होते.

तिने कुलूप उघडलं. पहिल्यांदा किल्ली लागेचना.

मालक कारखान्याच्या वरच्या मजल्यावर राहायचा. माल पोचवायची गाडी त्याच्याकडे होती. तिने फोन लावला. "मालक, गाडी पाठवा, दादाला बरं नाही!"

तिकडून हसू ऐकू आलं. "अगं वेडे, आज सुट्टी आहे. सुट्टीच्या दिवशी कशाला फोन करतेस?" आणि फोन ठेवला.

तिने परत लावला, त्याने उचलला नाही. ती पळत गल्लीत गेली. भर दुपार, समोरच्या पायरीवर चष्मा दाढी करत बसला होता, अर्ध्या गालाला फेस.

"चष्म्या, चल लवकर, दादाला बरं नाही!"

"मग झोपू दे की त्याला. तोंडावर पाणी मार. संध्याकाळपर्यंत उतरेल."

"अरे तो प्यायलेला नाही!"

"हो हो," चष्मा आरशात बघत म्हणाला, "ते तर तू नेहमीच सांगतेस."

आयुष्यभर ती खोटं बोलली तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली होती. आज खरं बोलत होती तर कोणी हलायला तयार नव्हतं. दुसरा शब्द तिच्याकडे नव्हता. म्हणजे होता, पण तो त्या घराने कधी वापरला नव्हता. आईने नाही, तिने नाही. तिने तो घशातून ओरबाडून बाहेर काढला.

"दारुडा आहे माझा भाऊ!" ती गल्लीच्या मधोमध उभी राहून किंचाळली. "ऐकलं का सगळ्यांनी? दादा दारुडा आहे! रोज पितो! सकाळी उठल्यापासून पितो! आता सोडली, आणि सोडली म्हणून मरतोय! झटके येतायत त्याला! आता तरी उठ ना रे मेल्या!"

वरच्या खिडक्या उघडल्या. कोणाचा तरी रेडिओ बंद झाला. चष्म्याच्या हातातला वस्तरा खाली पडला. तो फेसासकट धावत सुटला, कारखान्यावर गेला, मालकाच्या हातातून गाडीची किल्ली घेतली, मागून घेतली का हिसकावली ते त्यालाच माहीत, आणि गाडी दारात आणून उभी केली. तोवर काकू आल्या होत्या. लवंगी दादाच्या दातांत चमचा घालायला बघत होती, तो त्यांनी काढून फेकला. "तोंडात काही घालू नकोस. कुशीवर घे त्याला, कुशीवर." झटके थांबले होते. दादा घोरल्यासारखा श्वास घेत होता. पुस्तकांचे गठ्ठे जातात त्या जागेवर त्यांनी दादाला आडवं केलं आणि निघाले.

आता खरी गंमत ऐका. दवाखान्याच्या खिडकीतल्या माणसाने विचारलं, "काय होतंय पेशंटला?" आणि लवंगीच्या तोंडून आपोआप निघालं, "बरं नाही. ताप आहे."

"बसा बाकावर. नंबर येईल."

ती बसलीसुद्धा. जीभ इतकी सरावलेली होती! चष्म्याने तिच्याकडे बघितलं. अर्ध्या गालावरचा फेस वाळला होता. तो एवढंच म्हणाला, "लवंगे, गल्लीत म्हणालीस ते इथे म्हण."

ती उठली आणि खिडकीच्या काचेवर दणकन हात मारला. "ताप नाही. दारू पितो. रोज, भरपूर. परवापासून एकदम बंद केली. हात उडतात, नसलेलं दिसतं, फिट आली."

तो माणूस खुर्चीतून उठलाच. लगेच स्ट्रेचर आलं, दोन दारं उघडली, दादा आत गेला.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा ऊन कललं होतं. केस विस्कटलेले, चेहऱ्यावर लवंगीएवढाच राग.

"घरात कोंडून कोणी ठेवलं?"

"मी."

"प्रेमाने?"

"मग काय दुश्मनीने?"

"प्रेमानेच कोंडतात सगळे, आणि मग असे आणतात. रोज एवढी पिणाऱ्याच्या शरीराला दारूची सवय झालेली असते. एका झटक्यात बंद केली की ते शरीर बिथरतं. माणूस जातो यात. इच्छाशक्तीचा प्रश्न नाही हा. बंद करायची तर इथे यायचं, आम्ही औषध देतो, नजर ठेवतो, हळूहळू सोडवतो. वाचेल तो. पण तासभर उशीर झाला असता तर मी तुझ्याशी दुसरंच काहीतरी बोलत असते."

लवंगीने गळ्यातली कुलपाची किल्ली ओढून काढली.

"आणि पुढच्या वेळी..." डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पुढची वेळ येणार नाही."

"येऊ शकते. पुष्कळांची येते. आली तर लाजून घरी बसायचं नाही, इथे यायचं. कळलं?"

"येणार नाही म्हटलं ना!"

"भांड तू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

दादा वाचला. बरेच दिवस तिथे राहिला. मग गोळ्या घेऊन घरी आला. दवाखान्याच्या मागच्या खोलीत दारू सोडलेली माणसं जमतात, खुर्च्या गोल मांडतात आणि आपापलं सांगतात, तिथे जायला लागला. पहिल्यांदा लवंगी त्याला दारापर्यंत सोडायला गेली. आतून एक म्हातारा म्हणाला, "ये बाळा, इथे सगळेच तुझ्यासारखे." तिला तेव्हा त्या म्हाताऱ्याचाही राग आला. माझा भाऊ तुमच्यासारखा कसा? मग घरी येईपर्यंत स्वतःचा आला.

दादा कारखान्यात परत यायच्या दिवशी ती त्याच्या आधी पोचली. सरळ कटिंग मशीनपाशी गेली, बटणावरची चिकटपट्टी नखाने सोलली, पुठ्ठ्याचा तुकडा उचकटला आणि केबिनमध्ये जाऊन मालकाच्या चहाशेजारी ठेवला.

"हे काय?"

"काकूंचे हात."

मालक म्हणाला, "हे बघ, पुठ्ठा तुझ्या भावाने लावला, मी नाही."

"आणि बाटली कोणी ठेवली?"

"प्रेमाने द्यायचो मी. कामाचा माणूस म्हणून. मी काय त्याच्या नरड्यात ओतली?"

प्रेम हा शब्द तिने ऐकला आणि इतकी वर्षं सांभाळलेलं अहो-जाहो गळून पडलं. "प्रेमाने मी कुलूप घातलं, तू बाटली ठेवलीस, आणि तो मरायला टेकला! मला माझं कळलं. तुला तुझं कळतंय का? परत जर टेबलावर वंगण दिसलं ना, तर तुझ्या घरी जाऊन तुझ्या आईसमोर ठेवीन आणि सांगेन, आजी, तुमचा मुलगा माणसांना हे पाजून त्यांच्या हातात पातं देतो."

"कोणाशी बोलतेस? उद्यापासून येऊ नकोस!"

बाहेर घडीच्या मशीनचा खटखटाट थांबला. चष्म्याने बटण बंद केलं होतं. काकूंनी खळीचं पातेलं चुलीवरून उतरवून खाली ठेवलं आणि हात पुसत दारात आल्या. कापलेली बाही त्यांनी मुद्दाम तशीच ठेवली होती.

"मालक," त्या म्हणाल्या, "ती नाही तर मी नाही. आणि आजपासून मशीनवर जो कोणी असेल त्याचं तोंड मी आधी बघणार. वास आला, हात हलला, तर मी हं म्हणणार नाही. दिवसभर म्हणणार नाही."

"आणि मग त्या माणसाचं काय करायचं? घरी पाठवायचं?"

"घरी नाही," लवंगी म्हणाली. "घरी पाठवलं तर तो उद्या लपवेल. पुठ्ठे चिकटवायला बसवा, लेबलं लावायला बसवा. त्या दिवसाचा पगार कापू नका. पण त्याने खरं सांगायचं आणि पात्याला हात लावायचा नाही."

मालकाने तिघांकडे बघितलं, मग बंद मशीनकडे. अंकलिपीचं राहिलेलं काम तसंच पडलं होतं. तो पुष्कळ बडबडला. शेवटी म्हणाला, "करा काय करायचं ते, पण मशीन सुरू करा." त्याला पटलं असं मी म्हणणार नाही. पण वंगण त्यानंतर दिसलं नाही.

दादा कितीतरी दिवस लेबलं लावत होता. डॉक्टरीणबाईंनी हो म्हटल्यावर पुन्हा कटिंगला उभा राहिला, दोन्ही हात दोन्ही बटणांवर. काकूंनी कातरण ओढली, त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "हं." सगळ्या कारखान्याने तो हं ऐकला.

गोष्ट इथे संपली असती तर सगळ्यांना आवडली असती. पण एका सकाळी लवंगी उठली तर दादा पलंगाच्या कडेला बसलेला, डोकं दोन्ही हातांत. वास खोलीभर. तो वास तिला झोपेतही ओळखू आला असता. तिच्या अंगाचा भडका उडाला. एवढं सगळं होऊन? गल्लीत बोंबलून, काचा बडवून, मालकाशी भांडून, आणि हा परत?

तरी तिचा हात कुठे गेला? फोनकडे. नंबर लावलाही. आणि मालकाचा आवाज आला तेव्हा ते दोन जुने शब्द जिभेच्या टोकावर येऊन उभे होते, आईच्या आवाजात.

दादाने तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"मालक, मी बोलतोय. काल मी प्यायलो. आज मशीनवर येणार नाही."

मग मालक म्हणाला, "म्हणजे... बरं नाही, असं ना?"

"नाही मालक. बरं नाही असं नाही. प्यायलोय."

त्याने फोन ठेवला. आवाज कापत होता, पण शब्द सरळ निघाले, जसा त्याचा काप निघायचा तसे. लवंगीने त्याची चप्पल उचलून त्याच्या दिशेने भिरकावली. ती त्याच्या गुडघ्याला लागली.

"घाल ती."

"कुठे जायचंय?"

"डॉक्टरीणबाईंकडे. घाल म्हटलं ना!"

गल्लीतून जाताना ती त्याला एवढं बोलली, एवढं बोलली, की कुत्रीसुद्धा बाजूला झाली. मूर्ख, नालायक, दप्तरात बाटल्या लपवणारा, बापाच्या वळणावर गेलेला, सगळं म्हणून झालं. बोलताना एका हाताने त्याचं मनगट घट्ट धरलेलं होतं, ते मात्र तिने एकदाही सोडलं नाही. कोपऱ्यावर झाडू मारणारी शेजारीण थांबली आणि डोळे मिचकावून म्हणाली, "काय गं लवंगे, दादाला बरं नाही वाटतं?"

"प्यायलाय," लवंगी म्हणाली. "दवाखान्यात चाललोय. तू येतेस?"